उजेडात उजेड मिळवला तर

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत इंदूर इथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



या व्यासपीठावर कवी येतात, समीक्षक येतात, संतसाहित्याचे अभ्यासक येतात. पदार्थविज्ञानाच्या एका निवृत्त मास्तराला इथं का बोलावलं, असं मी निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींना विचारलं. त्यांच्यातले एक जण म्हणाले, "सर, दर वर्षी आपण मराठी कशी टिकवावी यावर बोलतो. या वर्षी तुम्ही मराठीतून दुसरंच काहीतरी सांगा." मला ते पटलं. म्हणून आज मी भाषेवर थोडं आणि उजेडावर जास्त बोलणार आहे. विषय बारावीच्या पुस्तकातला आहे, प्रकाशाचं विवर्तन आणि व्यतिकरण. नावं ऐकून कुणी उठून जाऊ नका. शेवटी दिवे मालवून एक प्रयोग दाखवायचा आहे, त्यासाठी तरी थांबा.

आमचं घराणं इंदुरात पाच पिढ्यांचं. घरात मराठी, गल्लीत माळवी, बाजारात आणि शाळेत हिंदी. मी स्वतः तीसहून अधिक वर्षं हिंदी माध्यमाच्या उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकी शिकवली. वर्ग हिंदीत घेतला, वरचं वाचन इंग्रजीत केलं आणि मराठी घरच्या जेवणाच्या पानावर ठेवली. त्यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं. आज ज्यासाठी उभा आहे ती गोष्ट त्याच काळातली.

नोकरीला दहाएक वर्षं झाली असतील. फळ्यावर मी दोन फटींची आकृती काढली होती. डावीकडे दिवा, मध्ये दोन फटी, उजवीकडे पडदा, पडद्यावर उजळ आणि काळ्या पट्ट्यांची ओळ. खाली सूत्र लिहिलं आणि नेहमीप्रमाणे उदाहरणं सोडवायला घेतली. तिसऱ्या बाकावर आपल्यातली एक मुलगी होती. ती उभी राहिली आणि भान विसरून मराठीत म्हणाली, "सर, उजेडात उजेड मिळवला तर अंधार कसा होईल? मग तो उजेड गेला कुठे?"

वर्ग हसला. तो प्रश्नाला हसला नाही, मराठीला हसला. मी हिंदीत म्हणालो, "हे परीक्षेत येत नाही. आणि वर्गात हिंदीत विचार." ती बसली. त्यानंतर वर्षभर तिनं काही विचारलं नाही.

आता खरं सांगतो. मी तिला गप्प केलं, कारण उत्तर मला नीट देता आलं नसतं. सूत्र येत होतं. पण ते काळे पट्टे मी स्वतः आयुष्यात एकदाच, महाविद्यालयात असताना, दुर्बिणीच्या नळीतून अर्धवट पाहिले होते. वर्गाला कधीच दाखवले नव्हते. खोलीत अंधार होत नाही, पडदे नाहीत, वेळ नाही, ही माझी कारणं होती. ती मुलगी आज कुठे आहे मला ठाऊक नाही. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आज तुमच्यापुढे देतो.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्यापैकी बहुतेक जण महेश्वरला घाटाच्या पायऱ्यांवर बसले असतील. संध्याकाळी नर्मदा संथ असताना हातभर अंतरावर दोन खडे एकदम टाका. दोन्हींभोवती वर्तुळं उठतात, पसरतात आणि एकमेकांत शिरतात. जिथं एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर येतो तिथं पाणी दुप्पट उचलतं. जिथं एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो तिथं पाणी जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. दोन लाटा आल्या आणि त्या जागी हालचाल उरली नाही. गंमत पुढं आहे. ती वर्तुळं एकमेकांतून आरपार जातात आणि पलीकडे काहीच झालं नाही अशी पुढं सरकतात. कुणी कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. लाटांच्या या भेटीला व्यतिकरण म्हणतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. गणपतीच्या दिवसांत मंडपात गाणं चालू असतं आणि तुम्ही शेजारच्या बोळात, भिंतीच्या आड उभे असता. गाणं ऐकू येतं, गवई दिसत नाही. आवाज कोपऱ्याला वळसा घालून येतो, उजेड येत नाही. उजेडही लाटच असेल, तर त्यानं का वळू नये? न्यूटनला नेमकी हीच शंका होती. पाण्याच्या लाटा आणि आवाज अडथळ्याच्या मागे वळतात, प्रकाश तसा वळताना दिसत नाही, म्हणून प्रकाशाला लाट मानायला त्याचं मन तयार होत नव्हतं.

उत्तर मापात आहे. बोलण्या-गाण्यातल्या आवाजाची लाट मीटरभर, कधी दोन-तीन मीटर लांब असते, म्हणजे खांबाएवढी, दाराएवढी. उजेडाची लाट किती? लाल उजेडाच्या दीड हजार लाटा एका मिलिमीटरात मावतात, जांभळ्याच्या सुमारे अडीच हजार. एवढ्याशा लाटेला खांब म्हणजे डोंगर. ती वळते, पण इतकी थोडी की डोळ्याला कळत नाही. तिचं वळणं पाहायचं तर अडथळाही तसाच बारीक हवा, सुईच्या टोकासारखा, केसासारखा. या वळण्याला विवर्तन म्हणतात.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं इटलीतल्या बोलोन्या गावच्या फ्रान्सेस्को मारिया ग्रिमाल्डी या जेझुइट पाद्र्यानं. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून ऊन घेऊन त्यानं त्यात लहान वस्तू धरली. सावली हिशेबापेक्षा रुंद पडली आणि तिच्या कडेला रंगीत पट्टे दिसले. तो १६६३ मध्ये वारला आणि त्याचं पुस्तक १६६५ मध्ये निघालं. त्या पुस्तकात एक विधान आहे. उजळलेल्या जागेवर आणखी उजेड पाडला तर ती जागा अधिक अंधारी होऊ शकते, असा त्याचा आशय. हे मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. माझ्या तिसऱ्या बाकावरची मुलगी तेच विचारत होती आणि मी तिला परीक्षेत येत नाही म्हणून सांगितलं होतं.

ग्रिमाल्डीनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी लंडनच्या टॉमस यंगनं हे प्रकरण तडीला नेलं. यंग पेशानं डॉक्टर. पुढं इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा करण्यातही त्याचा वाटा होता. मुख्य म्हणजे प्रकाशाकडे तो आवाजाच्या अभ्यासातून आला. इथं गाण्यातली मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना हे चटकन कळेल. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा अगदी किंचित वेगळ्या लागल्या असतील तर स्वर सरळ राहत नाही. तो मोठा होतो, बारीक होतो, पुन्हा मोठा होतो. डोलतो. जुळवणारा खुंटी पिळत जातो तसं ते डोलणं मंद होतं आणि दोन्ही तारा मिळाल्या की थांबतं. दोन आवाज मिळून क्षणभर शांतता होते, हे आपण दर मैफिलीच्या आधी ऐकतो आणि त्याला काही विशेष मानत नाही. यंगला वाटलं, आवाजाचं जे होतं ते उजेडाचं का होऊ नये?

आपल्या पुस्तकांत यंगच्या नावावर दोन फटींची आकृती असते. पण १८०३ च्या नोव्हेंबरात त्यानं रॉयल सोसायटीपुढं जो प्रयोग सांगितला तो याहून साधा होता. खिडकीच्या झडपेला छिद्र, त्यावर जाड कागद आणि कागदाला सुईनं पाडलेलं बारीक भोक. बाहेर आरसा ठेवून सूर्याचा कवडसा आडवा आत घेतला. त्या कवडशात त्यानं पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कडेनं धरली. पट्टीची रुंदी इंचाचा तिसावा भाग, म्हणजे मिलिमीटरहूनही कमी. पट्टीच्या सावलीच्या आत उजळ-काळ्या रेषा दिसल्या. मग त्यानं पट्टीच्या एका बाजूनं जाणारा उजेड अडवला. सावलीतल्या रेषा लगेच गेल्या. दुसऱ्या बाजूचा उजेड मात्र अजून येतच होता. म्हणजे त्या रेषा एका बाजूच्या उजेडाच्या नव्हत्या, दोन्ही बाजूंनी वळून आलेल्या उजेडांच्या भेटीच्या होत्या. विवर्तन आणि व्यतिकरण या एका पट्टीत एकत्र आहेत. आधी उजेड वळतो, मग वळून आलेले दोन उजेड भेटतात.

कुणी विचारेल, आमच्या दिवाणखान्यात दोन ट्यूबलाइट आहेत, भिंतीवर पट्टे का नाहीत? प्रश्न रास्त आहे. दिव्यातून निघणारी लाट अखंड नसते. ती सेकंदाच्या कोट्यंशाहूनही कमी वेळात तुटते आणि नव्यानं सुरू होते. दोन वेगळे दिवे म्हणजे एकमेकांकडे न पाहता टाळ वाजवणारे दोन टाळकरी. मेळ क्षणोक्षणी बदलतो, पट्टे क्षणोक्षणी जागा बदलतात आणि डोळ्याला सरसकट उजेड दिसतो. यंगची हुशारी अशी की त्यानं दोन दिवे घेतलेच नाहीत. एकाच छिद्रातला उजेड घेतला आणि त्याच्याच दोन वाटा केल्या. एकाच उगमाचे असल्यामुळे दोघांचा ठेका जुळलेला राहिला.

यंगच्या म्हणण्याची इंग्लंडात टिंगलच झाली. पुढं फ्रान्समध्ये ओग्युस्तँ फ्रेनेलनं हेच विचार गणितात बसवले आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं विवर्तनावर ठेवलेल्या स्पर्धेत १८१८ मध्ये आपला निबंध दिला. परीक्षकांतल्या प्वासाँला लाटांची कल्पना मान्य नव्हती. त्यानं फ्रेनेलचंच गणित वापरून दाखवलं की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजळ ठिपका पडला पाहिजे. सावलीच्या मध्ये उजेड, म्हणजे सिद्धांत खोटा, असं त्याला म्हणायचं होतं. परीक्षक मंडळातल्याच आरागोनं प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. फ्रेनेलला बक्षीस मिळालं. विरोधकानं हास्यास्पद म्हणून काढलेली गोष्ट प्रत्यक्षात सापडावी, असं विज्ञानात क्वचित घडतं.

आता मुलीचा दुसरा प्रश्न. उजेड गेला कुठे? हा पहिल्याहून खोल आहे, कारण काळ्या पट्ट्यात दोन्ही फटींचा उजेड पोचतो आणि तरी तिथं काही नाही. मग ऊर्जा बुडाली का?

हिशेब मांडू. एका फटीतून पडद्यावर पडणाऱ्या उजेडाला एक रुपया म्हणा. दोन फटींचे सगळीकडे दोन रुपये व्हायला हवेत. काळ्या पट्ट्यात शून्य दिसतं. पण उजळ पट्ट्यात किती असतात? दोन नव्हेत, चार. कारण बेरीज होते ती लाटांच्या उंचीची, आणि उजेड असतो उंचीच्या वर्गाइतका. उंची एक अधिक एक म्हणजे दोन, आणि दोनचा वर्ग चार. उलट पडली तर एक वजा एक शून्य, शून्याचा वर्ग शून्य. एका ठिकाणी चार, एका ठिकाणी शून्य, सरासरी दोन. पैसा बुडाला नाही, शेजारी गेला. काळ्या पट्ट्यातला उजेड बाजूच्या उजळ पट्ट्यात आहे.

एवढंच उत्तर होतं. तीन मिनिटांचं. आणि ते त्या मुलीला तिच्या बोलीत सांगता आलं असतं.

निवृत्तीनंतरची गोष्ट सांगतो. माझी नात इंग्रजी माध्यमात शिकते. घरी मराठी बोलते, पण आपली इंदुरी, 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' वाली. पुण्याहून पाहुणे आले की तिच्या मराठीला हसतात, आणि तीही त्यांच्यासमोर हळूहळू हिंदीत बोलू लागते. एका दिवाळीच्या सुटीत ती बाजारातून मिळणारा लाल लेसर पॉइंटर घेऊन मांजराला खेळवत होती. मी तो मागून घेतला. आधी तिला बजावलं, हा कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये, मांजराच्याही नाही. मग तिचाच एक केस घेतला, पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यावर ताणून चिकटवला, पॉइंटर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवला आणि तीन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला. दिवे मालवले.

भिंतीवर एक ठिपका असायला हवा होता. त्याऐवजी केसाला आडवी अशी लाल ठिपक्यांची रांग पसरली. मध्ये लांबट उजळ ठिपका, दोन्ही बाजूंना काळी फट, मग पुन्हा उजळ, पुन्हा काळी, बाहेर जाईल तशी मंद होत गेलेली. नात जवळ गेली, भिंतीला बोट लावलं आणि म्हणाली, "आजोबा, उजेड तर केसाला वळसा घालून राहिलाय!"

मंडळी, 'वळसा घालून राहिलाय'. पुस्तकातल्या व्याख्येत अर्धं पान जातं, ते तिनं इंदुरी मराठीत चार शब्दांत सांगितलं. ज्या क्रियापदाला पाहुणे हसतात त्याच क्रियापदात.

मग आम्ही केस मोजला. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या काळ्या जागांतलं अंतर पट्टीनं मोजलं. पाच सेंटिमीटर भरलं. निम्मं, अडीच. लाल लाटेची लांबी साधारण ०.०००६५ मिलिमीटर धरली, तिला भिंतीपर्यंतच्या ३००० मिलिमीटरनं गुणलं आणि २५ मिलिमीटरनं भागलं. उत्तर आलं ०.०७८ मिलिमीटर. ही केसाची जाडी. नंतर तिनं आजीचा केस मागून आणला. रांग आणखी फाकली, तेच अंतर साडेसहा सेंटिमीटर भरलं. जाडी आली ०.०६. आजीचा केस नातीच्या केसाहून बारीक निघाला. हिची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते भिंतीवर लिहून कशाला कळायला हवं, मला माहीत आहे." पण नातीला कळलं होतं ते दुसरंच. अडथळा जितका बारीक, तितका उजेड जास्त फाकतो. हे तिनं मला सांगितलं, मी तिला नाही. यंगची पुठ्ठ्याची पट्टी आणि आमच्या घरातला केस यांत फरक फक्त जाडीचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन फटीही केल्या. काचेची पट्टी तेलाच्या दिव्यावर धरून तिच्यावर काजळी धरली. दोन ब्लेडं एकमेकांना चिकटवून काजळीवर एक ओरखडा काढला. ब्लेडाच्या पात्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणून दोन रेघांत तेवढं अंतर राहिलं. भिंतीवर पट्टे पडले, दोन-दोन सेंटिमीटरवर. चांगल्या प्रयोगशाळेचं सामान लागेल असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. घरची काजळी आणि दाढीची दोन ब्लेडं पुरली.

आता शब्दांविषयी. हा भाषेच्या अकादमीचा मंच आहे, तेव्हा एवढं बोलण्याचा हक्क मी घेतो.

'व्यतिकरण' शब्द जड आहे अशी तक्रार मी पुष्कळ ऐकली. आपल्याकडे हिंदीतही तोच आणि मराठीतही तोच, कारण दोघांनी संस्कृतातून घेतला. पण तो पाहा. संस्कृतात 'व्यतिकर' म्हणजे मिसळणं, परस्परसंबंध. इंग्रजीत या घटनेसाठी जो शब्द आहे त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ लुडबूड, ढवळाढवळ. लाटा तर लुडबूड करत नाहीत. भेटतात आणि आपापल्या वाटेनं जातात. तेव्हा आपला शब्द अधिक सरळ आहे. उलट 'विवर्तन' शब्दानं फसगत होऊ शकते. वेदान्तात 'विवर्त' म्हणजे दोरीच्या जागी भासणारा साप. प्रकाशाचं वळणं हा भास नाही, ते पट्टीनं मोजता येतं. इथं 'वर्तन' म्हणजे वळणं, एवढाच अर्थ मुलांच्या हाती द्यायला हवा.

काही ठिकाणी मराठीची बाजू सरस आहे. माझे विद्यार्थी 'तरंगदैर्घ्य' शब्दावर अडखळायचे. मराठीत 'तरंगलांबी' आहे. लांबी कुणाला शिकवावी लागत नाही. हिंदीत 'झिरी' म्हणतात, मराठीत 'फट', आणि दारांच्या फटीतून येणारं ऊन आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना मोडतो त्याला जुनी मराठी पुस्तकं 'वक्रीभवन' म्हणत. आता 'अपवर्तन' म्हणतात. मला जुना शब्द आवडतो, कारण तो ऐकताच काय झालं ते दिसतं. पण मी त्यासाठी भांडणार नाही. परिभाषेवरची भांडणं पाहिली की वाटतं, आपण शब्दाला ज्ञान समजतो. मी तीस वर्षं 'व्यतिकरण' बिनचूक लिहिलं आणि बिनचूक लिहून घेतलं. त्या शब्दाच्या मागं जे आहे ते ना माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं, ना मी.

शब्द आणि डोळा यांच्या मध्ये एक जागा असते. तिथं माणूस 'हे काय झालं?', 'कुठे गेलं?', 'वळसा घालून राहिलाय' असं बोलतो. ते बोलणं माणसाच्या आतल्या भाषेतच निघतं. त्या मुलीचं मराठीत निघालं, कारण ती खरोखर विचार करत होती. परीक्षेचं उत्तर तिनं हिंदीतच लिहिलं असतं, आणि लिहावं. पण विचार सुरू होण्याच्या क्षणी मी तिची भाषा बंद केली.

माझं भांडण इंग्रजीशी नाही, हिंदीशी तर नाहीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला शोधनिबंध विवर्तनावरच होता. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्यार्थी असताना, प्रिझमच्या बाजूवर तिरपा उजेड पडला की पट्टे दोन्ही बाजूंना सारखे पडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. तो निबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये नोव्हेंबर १९०६ मध्ये छापून आला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. निबंध इंग्रजीत होता, तो तसाच असायला हवा होता. मला त्यातलं दुसरं महत्त्वाचं वाटतं. कॉलेजातल्या नेहमीच्या उपकरणात एका मुलाला काहीतरी वेगळं दिसलं आणि त्याला कुणी 'हे परीक्षेत येत नाही' असं म्हणून बसवलं नाही.

आणि मराठीला हे काम नवीन नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढलं ते अशाच विषयांसाठी. पुण्यात १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' निघू लागलं. मराठी भाषा हे पेलू शकते का, हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. प्रश्न आपला आहे, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा. इथं आपल्या मुलांना मराठी माध्यमाची शाळा मिळणार नाही, आणि मी ती मागतही नाही. पण आपण मराठीला काय काम दिलंय ते मोजून पाहा. हळदीकुंकू, गणपती, नाट्यगीतं, दिवाळीचा फराळ आणि वर्षातून एक व्याख्यानमाला. हे सगळं मला प्रिय आहे. पण ज्या भाषेत मूल फक्त नमस्कार करतं आणि प्रश्न विचारत नाही, ती भाषा त्याच्या पुढच्या पिढीत आजीच्या फोटोसारखी भिंतीवर जाते.

म्हणून अकादमीकडे एक छोटं मागणं आहे. इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, जबलपूर, सगळीकडे आपली मंडळं आहेत, सभागृहं आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ मुलांना बोलवावं आणि एक प्रयोग दाखवावा. एकच. साबणाच्या फुग्यावरचे रंग, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग, जुन्या सीडीवर उमटणारं इंद्रधनुष्य, सगळे याच दोन गोष्टींचे नातेवाईक आहेत. मुलांनी शाळेतले शब्द इंग्रजीत म्हणावेत, हिंदीत म्हणावेत, अडवू नये. प्रश्न मात्र घरच्या भाषेत विचारू द्यावेत, आणि त्यांच्या इंदुरी, ग्वाल्हेरी मराठीला कुणी हसू नये. शिकवायला निवृत्त मास्तर पुष्कळ आहेत, आम्हाला संध्याकाळी दुसरं काम नाही. असे वीस-पंचवीस प्रयोग झाले की अकादमीनं त्यांची एक पुस्तिका काढावी, मुलांनी विचारलेल्या प्रश्नांसकट. प्रश्न त्यांच्याच शब्दांत छापावेत, दुरुस्त न करता.

माझं बोलणं संपलं. समोरच्या टेबलावर पॉइंटर बांधून ठेवला आहे, भिंत पांढरी आहे. केस कुणाचा तरी लागेल, माझ्याकडे आता देण्याजोगे उरलेले नाहीत. मागच्या रांगेत जी मुलं बसली आहेत त्यांनी पुढं यावं, भिंतीजवळ. कार्यकर्त्यांना विनंती, दिवे मालवा. आणि मुलांनो, काय दिसतं ते मोठ्यानं सांगा. जसं सुचेल तसं सांगा.